‘धर्म’चा ‘धमर्’ होतो तेव्हा

सेलूला माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान होतं. १९९७ साली टाकलं, २०११ साली बंद केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, गणेश मंडळांच्या स्मरणिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, एखाद्या हौशी कवीचा संग्रह असं सगळं तिथं जुळायचं. दुकान उठलं तरी सीपीयूचा डबा मामांनी विकला नाही. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला. डबा माळवदाच्या खोलीत गोणपाटाखाली पडून राहिला.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई मामांकडे आल्या. त्यांचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. बदली होईल त्या गावात जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायचा त्यांना नाद होता. गंगाखेड, पालम, पूर्णा, जिंतूर अशी पंचवीसेक वर्षं त्यांनी ओव्या जमवल्या. निवृत्तीनंतर पुस्तक काढायचं म्हणून त्या मामांकडे टाईप करायला दिल्या. प्रुफं दोनदा तपासून झाली आणि मग पैशांअभावी पुस्तक राहिलं. गुरुजी गेले. वह्यांना वाळवी लागली. बाईंचा प्रश्न एवढाच होता : “दादांच्या ओव्या तुमच्या कॉम्प्युटरात असतील का हो?”

मामांनी मला फोन केला, कारण मी परभणीला कॉलेजात मराठी शिकवते आणि माझा मुलगा कॉम्प्युटरचं शिकतो. त्यांच्या मते एवढ्यावर काम भागायला हवं होतं. भागलंही, पण आम्हाला वाटलं होतं त्या वाटेनं नाही. त्या दोन महिन्यांत माझं एक मत पक्कं झालं, ते सांगण्यासाठी हा लेख. जुन्या संगणकातून फाईल बाहेर काढणं हे दुरुस्तीवाल्याचं काम आहे असं आपण धरून चालतो. मराठीच्या बाबतीत ते निम्म्याहून जास्त पाठसंशोधनाचं काम आहे. ते भाषेच्या माणसांनी अंगावर घेतलं नाही, तर १९९० ते २०१०च्या दरम्यान जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत लिहिली गेलेली मराठी आपल्या डोळ्यांदेखत मुकी होईल.

आधी यंत्राचं सांगते, कारण घाईत सगळ्यात मोठी चूक तिथंच होते. जुना डबा सापडला की माणूस पहिल्यांदा बटण दाबतो. ते करायचं नाही. पंधरा वर्षं मेच्या उन्हात आणि पावसाळ्याच्या ओलीत पडलेल्या पॉवर सप्लायचा भरवसा नसतो. तो फुटला तर हार्ड डिस्कही घेऊन जातो. परभणीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, आणि माळवदाखालची खोली काही शीतगृह नव्हे. आम्ही डबा उघडला, धूळ ब्रशनं काढली, हार्ड डिस्क सोडवली आणि चाळीस तारांची चपटी पट्टी लागणारी ती जुनी डिस्क ॲडॉप्टरनं नव्या लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप लिनक्सवर चालवला आणि डिस्क माउंट केली नाही, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मग डीडी-रेस्क्यू या मोफत प्रोग्रॅमनं तिची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली. फाईली एकेक करून नव्हे, तर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकाम्या जागेसकट. हा प्रोग्रॅम आधी सोपा भाग वाचून घेतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळतो, त्यामुळे मरायला टेकलेली डिस्क खराब जागेवर रखडून संपत नाही. ४.३ जीबीची डिस्क. चौदा वर्षांचं दुकान आज पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतं. मुलगा म्हणाला, “आई, झालं काम.”

झालं नव्हतं. पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमच्या तीन फाईली मिळाल्या : ओव्या-१, ओव्या-३ आणि ओव्या-४. त्या नव्या संगणकावर उघडेनात. आतला मजकूर खरवडून बाहेर काढला तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेले युरोपीय स्वर यांची रांग आली. एकही मराठी अक्षर नाही. बाईंना दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, ओव्या सडल्या.

ओव्या सडल्या नव्हत्या. त्या काळात संगणकात मराठी कशी ठेवत, ते समजून घेतलं की उलगडा होतो. विंडोजवर डीटीपीसाठी आलेले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी फॉन्टच्या जागेवर बसवलेली चित्रं होती. फॉन्टमध्ये घरं २५६, त्यातली सुरुवातीची ३२ यंत्राच्या कामाची. मराठीची सगळी अक्षरं, मात्रा आणि जोडाक्षरं उरलेल्या घरांत मावत नाहीत. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे पाडले : अर्धा म, त्याला लागणारा दंड, उकार, रफार, मात्रा. ऑपरेटर तुकडे जोडायचा आणि कागदावर सुंदर मराठी उमटायची. पण संगणकाला ‘म’ माहीतच नव्हता. अमुक घरातलं चित्र आणि त्याच्या शेजारी तमुक घरातलं चित्र, एवढंच त्याच्याकडे होतं. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं होतं. श्रीलिपीचं वेगळं, आकृतीचं वेगळं, सी-डॅकच्या आयएसएमचं वेगळं, शिवाजीचं वेगळं. फॉन्ट असेतो मराठी, फॉन्ट गेला की कचरा.

यातली एक गोष्ट मला फार लागली. त्याच्या आधीची, डॉसच्या जमान्यातली मराठी याहून शहाणपणानं साठवली जात होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्र वापरायचं तर संगणकात एक कार्ड बसवावं लागे. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं, इस्की या सांकेतिक पद्धतीनं ठेवली जात. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या सांकेतिक पद्धतीतल्या देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच बेतलेली आहे. त्यामुळे जिस्टवर लिहिलेली फाईल आज मिळाली, तर तिचं युनिकोड करणं तुलनेनं सरळ काम आहे. विंडोज आलं, पडद्यावर पान जसंच्या तसं दिसू लागलं आणि त्या देखणेपणाच्या बदल्यात आपण भाषा साठवायची सोडून भाषेचं चित्र साठवू लागलो. जुनी फाईल वाचता येते आणि तिच्यानंतरची वाचता येत नाही, असा उलटा प्रकार त्यातून झाला.

महानुभावांची आठवण इथं होणं साहजिक आहे. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला सगळ्यात जुना मोठा गद्य ग्रंथ पंथीयांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीनं त्या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाली. तोवर शतकानुशतकं पोथ्या शाबूत होत्या, शाई ठळक होती, आणि बाहेरच्या माणसाला त्यातला एक शब्द लागत नव्हता. पण त्यांनी किल्ली तरी जपली होती. मठांमधून ती गुरूकडून शिष्याकडे जात होती. आपल्या डीटीपीच्या लिप्यांची किल्ली कोण जपतंय? फॉन्टचे तक्ते कंपन्यांच्या कपाटांत. काही कंपन्या नाहीशा झाल्या, काही दुसऱ्या धंद्याला लागल्या. ऑपरेटरला तक्ता कधी माहीतच नव्हता, कारण त्याची बोटं कळफलक ओळखत होती.

आमच्यासाठी किल्ली डब्यातच होती. हे एम्युलेटरमुळे कळलं. एम्युलेटर म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक सोंगासारखा हुबेहूब उभा करणारा प्रोग्रॅम. जुना प्रोसेसर, जुनं ध्वनी कार्ड, जुनी डिस्क यांचं वागणं तो नकलेनं करतो. आम्ही ८६-बॉक्स वापरला. त्यात मामांच्या डिस्कची नक्कल घातली. नवीन हार्डवेअर सापडलं म्हणून तो बराच वेळ कुरकुरला, आणि मग विंडोज ९८ उघडलं. पडद्यावर मामांनी लावलेलं गंगाखेडच्या गोदाकाठचं चित्र आलं. मामा खुर्ची ओढून पुढं सरकले. “अगं, हे दुकानच की,” एवढंच म्हणाले. मग माऊस हातात घेऊन न विचारता त्यांनी बरोबर जागी क्लिक केलं. त्यांच्या फाईली कुठे आहेत हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं, तोंडाला नाही. आम्ही नुसती फाईल उपसून काढली असती तर हे ज्ञान कधी हाती लागलं नसतं.

मराठीच्या सॉफ्टवेअरला तेव्हा लॉक असायचं, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं बोटभर डोंगल. आमच्या नकली यंत्राला ते दिसत नव्हतं, म्हणून टायपिंगचा प्रोग्रॅम चालू होईना. पण फॉन्ट विंडोजमध्ये आधीच बसवलेले होते, त्यामुळे पेजमेकरनं पान दाखवलं. लिहिता येत नव्हतं, वाचता येत होतं. आणि वाचायला गुरुजींच्या ओव्या होत्या, दोन स्तंभांत, डाव्या बाजूला गावाचं आणि बाईचं नाव.

माझ्या वाट्याचं काम इथून सुरू झालं. पडद्यावर मराठी दिसली तरी ती शोधता येत नाही, नव्या पुस्तकात घेता येत नाही. तिचं युनिकोड करायला हवं. इंटरनेटवर मिळालेल्या एका कन्व्हर्टरमधून ओव्या-१ काढली. पहिल्याच पानावर ‘धर्म’चं ‘धमर्’ झालेलं. फॉन्टमध्ये रफार अक्षर झाल्यावर टाकतात, कारण तो डोक्यावर नंतर काढायचा असतो. युनिकोडमध्ये र् आधी येतो, कारण तोंडात तो आधी येतो. ऱ्हस्व इकाराचं उलट आहे. ‘विहीर’ लिहिताना फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि व नंतर, युनिकोडमध्ये व आधी. म्हणजे नुसती अक्षरबदली करून चालत नाही. नजरेच्या क्रमातून उच्चाराच्या क्रमात यावं लागतं, आणि रफार किंवा वेलांटी नेमकी कोणत्या जोडाक्षराची हे ओळखावं लागतं. ज्याला ‘कर्त्याचा’ या शब्दाची फोड करता येते तोच हे नियम नीट लिहू शकतो.

याहून नाजूक गोष्ट चंद्रकोरीसारख्या र ची. कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला होता. त्यानं ‘दुसऱ्याच्या’ हा शब्द सगळीकडे ‘दुसर्याच्या’ केला. हिंदीला फरक पडत नाही, मराठीला पडतो. आपल्याकडे आचार्यांना दिलेली दक्षिणा वेगळी आणि आचाऱ्यांना दिलेली वेगळी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. गुरुजींनी हा फरक जपला होता. मामांनी टाईप करताना जपला होता. फॉन्टमध्ये त्याचा वेगळा तुकडा होता आणि युनिकोडमध्येही त्याची सोय आहे. मधल्या माणसाला तो माहीत नव्हता, म्हणून गेला. एम्युलेटरमधलं पान समोर नसतं तर मला हे कळलंच नसतं. मजकूर वाचनीय दिसत होता, आणि वाचनीय दिसणारी चूक उघड कचऱ्यापेक्षा धोक्याची असते, कारण ती कोणी तपासत नाही. शेवटी मुलानं आणि मी बसून त्या फॉन्टचा तक्ता हातानं केला. एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला अंक. आता त्या फॉन्टमधली कुठलीही फाईल आणा, आम्ही वाचून देऊ.

म्हणून मी म्हणते की दोन्ही लागतं, आणि क्रमही हाच लागतो : आधी जुनं यंत्र जसंच्या तसं उभं करा, मग त्याला साक्षी ठेवून मजकूर बदला. जगात हे ओळखलेलं आहे. सलमान रश्दींचे जुने मॅकिंटॉश संगणक अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे आले. तिथं नुसत्या फाईली न काढता त्यांचा एक संगणकच एम्युलेटरवर उभा केला आणि २०१० पासून अभ्यासकांना त्यावर बसू दिलं. ब्रिटनची गोष्ट तर शाळेत सांगण्यासारखी आहे. १०८६ च्या डूम्सडे बुक या जमीनमहसुलाच्या नोंदवहीला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीनं १९८६ मध्ये लेसर डिस्कवर नवं डूम्सडे केलं. दहा लाखांहून जास्त लोकांनी त्यात माहिती भरली. पंधरा वर्षांत ते वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांना त्यासाठी एम्युलेटर लिहावा लागला. चामड्यावरचं १०८६ चं पुस्तक मात्र तेव्हाही वाचता येत होतं.

ओव्यांचंच आपल्याकडचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात बर्नार्ड बेल हे संगीताचे संगणकी अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी त्याचा डेटाबेस केला आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. ते आधी गुडगावच्या संग्रहात गेलं, तिथून फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँसला, आणि आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं ते लोकांपुढे आणलं आहे. आमच्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात ऐकता येतात. हे सगळं टिकलं, कारण दर काही वर्षांनी कोणीतरी ते एका घरातून दुसऱ्या घरात उचलून नेलं. संस्था होती, पैसा होता, जाणकार माणूस होता. सेलूच्या गुरुजींकडे यातलं काही नव्हतं. गुरुजींसारखी माणसं प्रत्येक तालुक्यात होती आणि त्यांची हस्तलिखितं त्या वीस वर्षांत असल्याच डब्यांत गेली.

यावर मला एक चांगला आक्षेप ऐकवला गेला. एका ग्रंथपाल मित्रानं विचारलं, छापील प्रती आहेत की, त्या स्कॅन करा, आता मराठी अक्षरं ओळखणारे प्रोग्रॅम बरे झालेत, डब्यांच्या मागे कशाला लागता? छापील प्रत असेल तिथं त्याचं म्हणणं मला मान्य आहे. स्कॅन स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा पुरेसं आहे. १९९५ मध्ये नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखाली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याची छापील पत्रकं कोणाकडे असतील तर त्यासाठी फ्लॉपी शोधायची गरज नाही. त्याच न्यायानं लेखक बी. रघुनाथ १९५३ साली गेले तरी त्यांचं पुस्तक आज कोणीही उघडावं आणि वाचावं, कुठल्या यंत्राला विचारावं लागत नाही. पण डब्यात मुख्यतः असतं ते न छापलेलं. पैशांअभावी राहिलेलं पुस्तक, संपादकानं कापलेला अर्धा लेख, स्मरणिकेत जागा नाही म्हणून वगळलेली गावाची माहिती. त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. लोडशेडिंगच्या काळात, वीज असेल तेवढ्या चार तासांत मामांनी रात्री जागून जे टाईप केलं, त्यातलं कितीतरी कागदावर कधी उतरलंच नाही.

दुसरी अडचण मित्रानं नाही, मामांनीच काढली, आणि ती जास्त खरी आहे. डब्यात लोकांच्या खाजगी गोष्टी आहेत. प्रतिज्ञापत्रं, मुलींचे बायोडेटा, भावाभावांच्या वाटणीचे मसुदे, एका बाईनं नवऱ्याविरुद्ध लिहून घेतलेला अर्ज. “लोकांनी मला विश्वासानं सांगितलेलं आहे ते,” मामा म्हणाले. त्यामुळे आम्ही ठरवलं की गुरुजींच्या फाईली आणि ज्यांचे मालक विचारता येतील तेवढ्या संस्थांच्या फाईली काढायच्या. बाकीची नक्कल मामांच्या कपाटात, कुलपात. हे काम कॉलेजनं हाती घेतलं तरी हा नियम आधी लिहून काढावा लागेल. वाचता येतं म्हणून वाचावंच असं नाही.

आणि हे काम कॉलेजांनीच हाती घ्यावं असं माझं म्हणणं आहे. प्रत्येक जिल्ह्यात एका मराठी विभागाकडे एक चालू जुनं यंत्र, फ्लॉपीचा एक ड्राइव्ह, दोन-चार ॲडॉप्टर, आणि संगणक विभागातला एक हौशी मास्तर. दुकानं बंद होताहेत, ऑपरेटर साठीला आलेत. कोणत्या फॉन्टमध्ये काय आहे, लॉक कुठे ठेवलं आहे हे सांगणारी ही शेवटची पिढी आहे. फॉन्ट करणाऱ्यांनी आपले जुने, आता न विकले जाणारे तक्ते खुले करावेत. त्यात त्यांचा तोटा नाही आणि त्यांच्याच फॉन्टमध्ये घडलेली मराठी त्यामुळे वाचेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आमच्या विभागातही पेढे वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आपण पुरावा म्हणून दाखवतो. पंचवीस वर्षांपूर्वीची फाईल आपल्याला उघडत नाही, याची लाज वाटायला हवी.

गुरुजींच्या तीन फाईली मी बाईंच्या हवाली केल्या, युनिकोडमध्ये, आणि सोबत एम्युलेटरवरच्या पानांच्या छापील प्रती. त्यांनी आधी स्वतःच्या आजीचं नाव शोधलं. ते ओव्या-३ मध्ये होतं.

ओव्या-२ डिस्कवर नाही. रिकाम्या जागेतही शोधून झालं. मामांना आठवतं की गुरुजी एकदा दुसऱ्या भागाच्या दुरुस्त्या घरी पाहायला म्हणून फ्लॉपी घेऊन गेले होते, आणि बाईंना ती लोखंडी पेटीत मिळालीही. साडेतीन इंची, वर गुरुजींच्या अक्षरात ‘पूर्णा-पालम’. सरकपत्री बाजूला केली तर चकतीवर पांढुरकी बुरशी दिसते. ती ड्राइव्हमध्ये तशीच घातली तर वाचणारं डोकं चकती खरवडेल, म्हणून आम्ही घातलेली नाही. एका बाजूला ऐंशी रेघा, प्रत्येक रेघेवर अठरा खंड, खंडात ५१२ बाइट. त्यातले किती शाबूत आहेत ते चकती बाहेर काढून, धुऊन, वाळवून, दुसऱ्या कोऱ्या कवचात बसवल्यावर कळेल. कवच मिळालं आहे. हात स्थिर असलेला माणूस आम्ही शोधतो आहोत.